आप्पांची मिशी आणि गच्चीवरची छत्री

निमोण्याच्या पोपटराव आप्पांना पावसातलं सगळं कळतं, असं निदान आप्पांचं तरी ठाम मत होतं. त्यात परवा कुठलेसे चॅनलवाले येऊन त्यांचा अंदाज शूट करून गेले. तेव्हापासून आप्पांचे पाय जमिनीला लागेनात. आज तो कार्यक्रम लागणार म्हणून अर्धं गाव त्यांच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलं होतं आणि आप्पांच्या पत्नी सुरेखाकाकू चहात पाणी वाढवून वाढवून वैतागल्या होत्या.

आणि नेमकं आभाळ भरून आलं! आता आली का पंचाईत? "आठ दिवसांत थेंब पडला तर मिशी उतरवीन," असं आप्पा कॅमेऱ्यापुढं छाती ठोकून बोलले होते. आता ते मनातल्या मनात देवाला विनवू लागले, की बाबा, पाऊस पाडायचाच असेल तर आधीच पाड आणि गच्चीवरची टीव्हीची छत्री बंद पाड.

देव पावला. वारा सुटला, पाऊस कोसळला आणि कार्यक्रमाचं नाव येतं न येतं तोच सिग्नल गेला. आप्पांच्या जिवात जीव आला, आणि लगेच जीभही सुटली.

"अरारा! मी टीव्हीत ह्येच सांगितलंय, आज पाऊस झोडपणार म्हणून!"

"मंग मला 'कांदा खुशाल उघडा ऱ्हाऊ द्या' असं का म्हणाला?" धुरपदाकाकूंनी विचारलं.

"तवाची हवा येगळी व्हती."

"मंग ह्ये बघायलाच पायजे!" सिद्दीक उठला. गावातल्या निम्म्या छत्र्या त्यानंच बसवलेल्या.

"नको रं बाबा, वर निसरडं हाय!"

"आप्पा, तुमच्या इज्जतीचा सवाल हाय!"

झालं! सिद्दीक भर पावसात गच्चीवर चढला आणि वाऱ्यानं फिरलेली छत्री त्यानं जागेवर आणून दाबून धरली. वरून हाक आली, "आलं का?"

"आलं!" अख्खा हॉल ओरडला.

"न्हाई!" आप्पा त्याहून मोठ्यानं ओरडले.

पडद्यावर फेटेवाले आप्पा, मागं लख्ख ऊन. "आठ दिवसांत थेंब पडला तर मिशी उतर..." एवढ्यात पावसाची जोराची सर आली आणि चित्र तिथंच गोठलं. आप्पांचं बोट मिशीवरच राहिलं.

अख्ख्या हॉलनं माना वळवून आप्पांच्या मिशीकडं पाहिलं. बाहेर पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मी थेंब म्हणलो व्हतो," आप्पा कसेबसे म्हणाले. "ह्यो काय थेंब हाय? ही तर धार हाय!"

सिद्दीक निथळत खाली आला. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. "आप्पा, वरनं बघितलं. साऱ्या गावाच्या छत्र्या फिरल्यात. फकस्त तुमचीच चालू व्हती!"

सुरेखाकाकूंनी त्याच्या हातात टॉवेल दिला, आणि आप्पांपुढं दाढीचं सामान.