रोझेटचं कुळ

"चहा निवतोय," मायांजाची बायको नालोंगो म्हणाली. "आणि दारात खाटीक उभा आहे. त्याला मालिकेविषयी बोलायचंय."

मायांजानं डोळे उघडले नाहीत. "मटणाविषयी असेल तर बस म्हणावं. मालिकेविषयी असेल तर मी गेलो म्हणून सांग."

"सांगितलं. तो म्हणतो, गेले तर गेले, पण जॉन बोस्कोचं काय ठरवलंय ते सांगून जायला हवं होतं."

मायांजा उठला. अंगातली हाडं त्याच्या आधीच थकून बसली होती. तो लुकाया गावाचा व्हीजे. हाजी मुगालुलाच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये टीव्हीला खेटून, हातात माईक धरून बसायचं आणि कुठल्या कुठल्या समुद्रापारच्या मालिका चालू असतानाच गावच्या लुगांडा भाषेत सांगत सुटायचं, हे त्याचं काम. पडद्यावरच्यांची भाषा त्याला येत नव्हती. तळाशी मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं पळत, ती इतक्या जवळून आणि चष्म्यातून त्यालाच दिसत. हाती लागतील तेवढी पकडायची, बाकीचं पदरचं घालायचं. तरुणपणी पदर मोठा होता. आता त्याला पडद्यावरचे सगळेच चेहरे सारखे दिसायचे. कोणी मेलं तर त्याला त्या माणसाचा हेवा वाटे.

लोकांना मात्र काही वाटेनासं झालं नव्हतं. लुकायात मतं केळ्यांसारखी पिकतात, आणि केळ्यांना निदान गिऱ्हाईक तरी असतं. नटीचं नाक, नायकाचं चालणं, सासूचा आवाज, कशावरही कोणीही बोलतं. कामावर वेळेवर न येणारा माणूस शेवट कसा हवा होता ते सांगायला मात्र पहाटे दारात उभा.

खाटीक आत आला आणि स्टुलावर बसला. गावात जुळ्यांच्या बापाला सालोंगो म्हणतात आणि आईला नालोंगो; मायांजालाही सगळे तशीच हाक मारत. "सालोंगो, मालिका चांगली चाललीये. पण कालचं मला पटलं नाही. आमच्या घरात कोणालाच पटलं नाही. बायको जेवली नाही."

"माझीही जेवली नाही," मायांजा म्हणाला. "पण ती माझ्यावर चिडून."

झालं होतं ते असं. लुकायात कोणाचं कुळ कळल्याशिवाय कोणी कोणासाठी रडत नाही. म्हणून मायांजा पात्रांना इथलीच नावं द्यायचा आणि कुळंही. मालिकेच्या सुरुवातीलाच त्यानं नायकाचं नाव ठेवलं जॉन बोस्को, आणि हाजीला बरं वाटावं म्हणून त्याला हाजीच्याच नाकतोडा कुळात घातलं. हाजी महिनाभर छाती काढून फिरला. मग मंगळवारी दुपारी, पत्रा तापून डोकं भणभणत असताना, पडद्यावर नायिका रोझेटनं ताटातलं काहीतरी तळलेलं बाजूला सारलं. कोळंबी असावी. मायांजाची अक्षरं हुकली होती. तो सवयीनं बोलून गेला, "बघा, तळलेले नाकतोडे पुढे आले तरी पोरगी शिवली नाही. कशी शिवेल? तिचं कुळच नाकतोड्याचं. आपल्या कुळाचा प्राणी कोण खाईल?"

हॉल हसला. मग हसता हसता थांबला. कारण त्या आधीच्याच प्रसंगात जॉन बोस्कोनं रोझेटला अंगठी दिली होती. एकाच कुळातली पोरं म्हणजे भाऊबहीण. मागून एक बाई उठली आणि आपल्या मुलीचे डोळे झाकून तिला बाहेर घेऊन गेली.

"चुकून बोललो," मायांजा खाटकाला म्हणाला. "तोंडातून निसटलं. ती नाकतोडा कुळातली नाही."

खाटीक स्टुलावरून पुढे झुकला. "म्हणजे तुम्ही चुकता?"

"माणूस आहे."

"मग गेल्या वर्षीच्या त्या पोलिसांच्या मालिकेत माझा सार्जंट मेला, तोही चुकून?"

मायांजानं चहा प्यायला. निवला होता.

खरा घोर वेगळाच होता. शनिवारी त्याच्या थोरल्या मुलीचा, प्रॉसीचा, ओळख-समारंभ होता. मुलाकडचे गाडीभर केळी, कापडं, बैल घेऊन मसाकाहून येणार. मांडव सांगितलेला, खुर्च्या सांगितलेल्या. पण मुलगा सगळ्यांपुढे उभा करून "हाच तो" असं म्हणायचं काम मुलीच्या आत्याचं. आत्या नसेल तर मुलगा गाडीतच बसून राहतो आणि बैल तसाच परत जातो. प्रॉसीची आत्या म्हणजे मायांजाची थोरली बहीण नामुली. बाजारात मटोकेचा, म्हणजे कच्च्या केळ्यांचा गाळा, आवाज हॉलच्या स्पीकरपेक्षा मोठा, आणि मालिकेला रोज पहिल्या बाकावर.

नामुली दुपारी आली. बसली नाही.

"ताई, बस की."

"ह्या घरात? मी आत्या आहे. आयुष्यभर पोरींची कुळं तपासत आले. आईचं कुळ, बापाचं कुळ, आजीचं कुळ. आणि माझा सख्खा भाऊ भर हॉलमध्ये माईकवर भावाबहिणीचं लग्न लावतो."

"ताई, ती माणसं खोटी आहेत. त्यांच्या देशात कुळं नसतात."

"नसतात तर तू दिलीस कशाला?"

मायांजानं तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"हे निस्तर," नामुली म्हणाली. "नाहीतर शनिवारी मी गाळ्यावर असेन. तुझी पोर तूच उभी कर. कुळ बघायची गरज तुला तशीही वाटत नाही."

प्रॉसी दाराआड उभी होती. ती तशीच आत निघून गेली. नर्सिंग शिकून आलेली मुलगी, बापाला काय बोलावं आणि काय नाही हे तिला कळत होतं. तेवढ्यानंच मायांजाला जास्त लागलं.

त्या दिवशीच्या खेळाला त्यानं पहिल्याच प्रसंगात सारवासारव केली. "मंडळी, काल रोझेटनं ताट सारलं ते पोट बिघडलं होतं म्हणून. कुळाचा संबंध नाही."

"काल तर तुम्ही म्हणालात, कशी शिवेल," मागून भाड्याची मोटारसायकल चालवणारा बोडावाला ओरडला. "पोट बिघडलेल्या माणसाला कोणी असं म्हणत नाही."

"तिच्या आईचं कुळ नाकतोडा आहे," मायांजा घाईनं म्हणाला. "बापाचं वेगळं."

हॉलमधून असा आवाज आला जसा टायरमधून हवा गेल्यावर येतो. मग त्याला आठवलं. आईच्या कुळातही लग्न चालत नाही. आता जॉन बोस्को होणाऱ्या बायकोचा मामा लागत होता.

मध्यंतरात हाजीनं त्याला मागे ओढलं. हाजीचा चेहरा अर्धा रागावलेला, अर्धा खूश. खूश कारण हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. "सालोंगो, चुकलो असं माईकवर परत म्हणायचं नाही. व्हीजे चुकायला लागला तर लोक म्हणतील, चुकायचंच तर आम्ही घरी बसून चुकू."

"मग पोराचं कुळ बदलतो."

"जॉन बोस्कोचं? तो आमचा आहे. त्याच्या नावानं माझ्या पोराच्या पोराचं नाव ठेवलंय."

"मग पोरीचं बदलतो."

"ते ह्यांना विचार," हाजी म्हणाला आणि बाजूला झाला.

मागे नाकतोडा कुळाचा म्हातारा म्होरक्या काठी टेकून उभा होता. अंगात पांढरा पायघोळ कांझू, वर कोट, सोबत दोन तसेच म्हातारे. त्यांनी मालिकेचा एक भागही पाहिला नव्हता. मत मात्र पक्कं होतं.

"मुलगी आमची आहे असं काल कळलं," म्हातारा सावकाश म्हणाला. "आम्ही तिला मानलं. मानलेली मुलगी कुळ परत देत नाही. पोरगाही आमचाच. तेव्हा हे लग्न होणार नाही. त्यांना सांग."

"कोणाला सांगू, मुझेई?" मायांजानं वडीलधाऱ्याची अदब राखत विचारलं.

"तू रोज बोलतोस ना त्यांच्याशी? त्यांनाच."

संध्याकाळी मसाकाहून फोन आला. मुलाकडच्यांचा बोलका, जो शनिवारी त्यांच्या वतीनं बोलणार होता. आवाजात मध होता. "सालोंगो, काही नाही, सहज. इकडे असं कानावर आलं की तुमच्याकडे हल्ली कुळाचं एवढं मनावर घेत नाहीत. आमचा मुलगा पाणमांजर कुळाचा. म्हटलं, तुमचं नक्की कुठलं ते एकदा परत विचारून घ्यावं."

मायांजानं कुळ सांगितलं. आजोबांचं नाव सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. बोलका म्हणाला, "आणि तुमची बहीण येणार ना? ती असली म्हणजे आम्ही निर्धास्त." फोन ठेवून मायांजा भिंतीला टेकला आणि तिथेच झोपला. नालोंगोनं त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं. पांघरूण देण्याइतका राग अजून उतरला नव्हता.

गुरुवारी देव पावला, म्हणजे पडद्यावर एक म्हातारी दाई आली. अंथरुणावर पडून खोकत होती. अक्षरं सांगत होती की तिला पाणी हवंय. मायांजानं चष्मा वर सरकवला, अक्षरांकडे बघायचंच सोडलं आणि माईक तोंडाजवळ नेला.

"ऐका रे. ही दाई. हिच्या मनात किती वर्षं एक पाप सलतंय. ती म्हणते, त्या दिवशी दवाखान्यात दिवे गेले होते. दोन पोरं एका पलंगावर होती. माझ्या हातून अदलाबदल झाली. जॉन बोस्को नाकतोडा कुळाचा नाही. तो जन्मानं हत्ती कुळाचा आहे."

पडद्यावर कोणीतरी म्हातारीला पाणी दिलं. "आणि हे सांगून तिचा घसा सुकला," मायांजा म्हणाला.

हॉल उभा राहिला. बोडावाला बाकावर चढला. अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हाजीचं तोंड आधी उतरलं, पण म्होरक्यानं त्याच्या कानात सांगितलं, मुलगी तर आपलीच आहे, म्हणजे आता आपण मुलीकडचे, बैल आपल्याकडे येणार. हाजी लगेच सावरला. नामुलीनं पहिल्या बाकावरून मागे वळून सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू अदलाबदल तिनेच हुडकून काढली.

बाहेर पडताना ती म्हणाली, "शनिवारी मी नवी गोमेसी नेसणार आहे. निळी. आणि शेवट नीट कर."

शेवटाची डिस्क शुक्रवारी आली. मायांजा ती आधी बघू शकला असता. कोणत्याही शहाण्या माणसानं बघितली असती. पण मांडववाला आला होता, खुर्च्या कमी पडल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर फुकट मिळालेला तासभर मालिका बघण्यात घालवायची त्याच्या अंगात ताकद नव्हती.

हॉलमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. नामुली पहिल्या बाकावर, शेजारी प्रॉसी. म्हातारा म्होरक्या खास खुर्चीवर. पडद्यावर तीच दाई परत आली. ह्या वेळी उठून बसली, रोझेटचा एक हात घेतला, जॉन बोस्कोचा एक घेतला, आणि बोलू लागली. मायांजानं चष्मा नाकावर ओढला आणि अक्षरं वाचली.

दाई म्हणत होती, तुम्ही दोघं एकाच आईची लेकरं. सख्खे भाऊबहीण.

मायांजानं माईक खाली घेतला. मंगळवारी, उन्हात, चुकून, तो खरं बोलून गेला होता. आणि मग दोन दिवस घाम गाळून त्यानं ते खोटं केलं होतं.

"काय म्हणते ती?" नामुलीनं विचारलं.

"तेच म्हणते," मायांजा म्हणाला. "अदलाबदल झाली, हत्ती कुळ, वगैरे."

"ते तर काल सांगितलं."

"म्हातारी आहे, ताई. म्हातारी माणसं तेच तेच सांगतात."

म्होरक्यानं मान हलवली. हे त्याला पटलं.

पडद्यावर दोघं ओक्साबोक्शी रडू लागले. रोझेटनं अंगठी काढून टेबलावर ठेवली. "आनंदानं रडतायत," मायांजा म्हणाला. "अंगठी काढली, कारण ती आता सगळ्यांच्या देखत परत घालायची आहे." मग रोझेट एकटीच बोटीत चढली. जॉन बोस्को किनाऱ्यावर गुडघ्यांवर पडला. बोट लहान लहान होत गेली. मायांजाला वाटलं, आपणही तिच्यात चढावं.

"ती कुठे चालली?" कोणीतरी विचारलं.

"आत्याकडे," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे जाणार? ओळख-समारंभाआधी मुलगा-मुलगी एका बोटीत बसतात का? ती पुढे गेली. तो मागून माणसं, केळी, बैल घेऊन जाणार. आत्ता गुडघे टेकून सासऱ्याच्या दिशेनं नमस्कार करतोय. संपली मालिका. घरी जा."

टाळ्या पडल्या. पत्रा हादरला. नामुलीनं डोळे पुसले, मग तोंड वाकडं केलं. "शेवट चांगला. पण त्या नटीला काम येत नाही. लग्न ठरलं म्हणून कोणी इतकं रडतं होय? मयत झाल्यासारखं."

प्रॉसी टीव्हीकडे बघत होती. मग तिनं बापाकडे पाहिलं. पहिला बाक अक्षरांपासून फार लांब नव्हता, आणि नर्सिंगची सगळी पुस्तकं इंग्रजीत असतात.

शनिवारी बैल आला. केळी आली. बोलक्यानं बोलायचं ते बोलून झालं आणि निळ्या गोमेसीतल्या नामुलीनं पाणमांजर कुळाच्या त्या घामाघूम पोराला हाताला धरून मांडवाच्या मधोमध आणलं. "हाच तो," ती म्हणाली. मांडवाबाहेर रस्त्यावरसुद्धा ऐकू गेलं.

मायांजा खुर्चीत बसून रडला. थांबवता येईना. आनंद होताच, पण त्याहून जास्त आठवडाभराचा शीण होता, आणि दोन्ही एकाच वाटेनं बाहेर येत होते. नामुलीनं ते पाहिलं आणि जरा विचारात पडली. "म्हणजे रडतात वाटतं असं," ती शेजारणीला म्हणाली. "त्या पोरीला मी उगाच नावं ठेवली."

जेवणाच्या वेळी प्रॉसी ताट घेऊन आली आणि बापापुढे गुडघे टेकून बसली. डोकं खाली ठेवूनच हळू म्हणाली, "बाबा, काल मी वाचलं."

मायांजाचा घास हातात राहिला. "मग?"

"बोटीचं तुमचंच बरं होतं."

"काय कुजबुजताय बापलेक?" नामुलीनं पलीकडून विचारलं. "मालिकेचंच असणार. अरे, सगळ्या गावानं मत दिलं, तुझं तेवढं राहिलं. तुला कशी वाटली?"

आजवर हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. मायांजानं घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"लांबली," तो म्हणाला.