इंजिनावरचा तोतया

आमच्या कंपनीच्या जहाजांत हॅकरचा बापसुद्धा शिरू शकणार नाही, असं मी सासुरवाडीत छाती फुगवून सांगितलं होतं. हल्ली जहाज अडवायला तोफ लागत नाही. कुणीतरी बसल्या जागी संगणकात घुसतं आणि इंजीन बंद पाडतं. म्हणून मी एआयचा पहारेकरी बसवला. तो प्रत्येकाची सवय शिकतो, कोण कधी येतं, बटणं कशी दाबतं. सवय बदलली की कुलूप. किनाऱ्यावरून ते कुणालाच उघडता येऊ नये, अगदी मलाही, हा माझाच हट्ट. साहेबांनी पाठ थोपटली होती.

सासरे आमच्याच एका जहाजावर चीफ इंजिनिअर. त्या दिवशी चार वाजता सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. जहाज सकाळपासून बंदराबाहेर थांबलेलं. दोनला इंजीन सुरू झालं की साडेतीनला सासरे दवाखान्यात. "यांचं तोंड बघितल्याशिवाय मी आत जायची नाही," असं सासूबाईंनी डॉक्टरांना बजावलं होतं.

दोन वाजता सासऱ्यांनी पासवर्ड टाकला आणि माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली. तोतया. इंजीन कुलूपबंद.

मी फोन लावला. "बाबा, पासवर्ड चुकला का?"

"चुकेल कसा? नवा चष्मा आहे. पहिल्याच फटक्यात बरोबर."

माझं धाबं दणाणलं. सहा महिने हे गृहस्थ एका बोटाने टाइप करत, दोनदा चुकत आणि तिसऱ्यांदा जमवत. पहारेकऱ्याने तेच शिकून ठेवलेलं. न चुकणारा माणूस आमचे बाबा असूच शकत नाही, असं त्याचं ठाम मत.

"वीस मिनिटांनी कुलूप सुटेल. तेव्हा आधी दोनदा चुका."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"जावईबापू, चाळीस वर्षं इंजीन सांभाळलंय मी. आज बायको तिकडे अशी असताना तुम्ही मला चुकायला शिकवणार?"

चुकले बिचारे. पण एकेक अक्षर इतकं जपून चुकले, की पहारेकऱ्याने पुन्हा तोतया ठरवलं. आणखी वीस मिनिटं गेली. तेवढ्यात बायकोचा फोन. "आई सारखी विचारतेय, बाबा कुठे आहेत म्हणून. काय सांगू?" काय सांगणार, कपाळ? तुझ्या नवऱ्याने अडवून ठेवलेत म्हणून सांग?

"चष्मा काढा," मी शेवटी सासऱ्यांना म्हणालो. काढला. मग मात्र दोनदा मनापासून चुकले, तिसऱ्यांदा जमलं आणि इंजीन सुरू झालं.

ते चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. सासूबाईंना चारलाच आत नेलं होतं, डॉक्टर थांबायला तयार नव्हते. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. माफी मागायला मला तोंड नव्हतं. त्यात साहेबांचा मेसेज आला, "एका दुपारी दोन हल्ले परतवले. अभिनंदन!" मी फोन उलटा ठेवला.

सासूबाई वाचल्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्या तेव्हा सासरे उशाशी होते.

"कधी आलात?"

"तुला आत नेल्यावर. दहा मिनिटं उशीर झाला."

"लेक झाली तेव्हा तीन महिन्यांनी आला होतात," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "काल वेळेवर आला असतात, तर मला वाटलं असतं, दुसरंच कुणीतरी आलंय."

सासरे हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि खरं सांगतो, अजून बघत नाहीत.