सेन्सर साफ करणारा इसम

शनिवारी दुपारी फान छुनमूचा पंचवीस वर्षांचा छोटा ट्रक गरम झऱ्यांकडचा चढ दणक्यात चढला. चालवत होता तेंग मेकॅनिक. त्याच्या शेजारी छुनमूची बायको युएमेई. आणि मागे उघड्या हौद्यात, स्ट्रॉबेरीच्या रिकाम्या क्रेटवर, खुद्द छुनमू.

हे घडलेलं नाही. ताहू गावात कुणालाही विचारा, छुनमू जवळपास उभा असेल तर लोक हेच सांगतील. तेव्हा आपणही ते घडलं नाही असं धरून चालू आणि सोमवारपासून सुरुवात करू. सोमवारी छुनमूची मान चांगली ताठ होती.

"शनिवारी वर गरम झऱ्यांच्या हॉटेलात तुझ्या नववीच्या वर्गाचं जेवण आहे ना? मी नेतो तुला. आपल्या ट्रकमधून!"

"ट्रक चढ कुठे चढतो?" युएमेई म्हणाली. "सपाटीवर ठीक असतो. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कण्हतो आणि मान टाकतो. तेंग म्हणालाय, मी नेतो."

तेंग! युएमेईचा वर्गमित्र. नाक्यावर गॅरेज होतं त्याचं. नववीत असताना एकदा त्याने युएमेईच्या सायकलची चेन बसवून दिली होती. छुनमूला हे लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं आणि त्या दिवसापासून त्याने घरात सायकल येऊ दिली नव्हती. त्यात तेंग छुनमूला 'छुनमूदादा' म्हणायचा. म्हणेना का! पण मग दादाच्या बायकोला वहिनी नको म्हणायला? तिला तो सरळ 'युएमेई' म्हणायचा.

"मग त्यालाच दाखव ना ट्रक," युएमेई म्हणाली.

"माझ्या इंजिनात परपुरुषाने हात घालायचा नाही!" छुनमू म्हणाला. "शनिवारपर्यंत ट्रक चढला नाही तर जा खुशाल त्याच्या गाडीतून."

"बरं," युएमेई म्हणाली. इतक्या पटकन 'बरं' म्हणायची काय गरज होती, याचा छुनमूने दुपारच्या जेवणात भाताची तीन वाडगी संपेपर्यंत विचार केला.

जेवण होताच त्याने वाचनालयातून पुस्तक आणलं. आपल्या म्हाताऱ्या इंजिनालाही सेन्सर आहेत, हे वाचून तो चाटच पडला. हवा किती आली हे एक सेन्सर सांगतो, पाय किती दाबला हे दुसरा, धुरात काय उरलं हे तिसरा. सगळे मिळून एका डब्यातल्या मेंदूला चुगल्या करतात. त्या ऐकून मेंदू पेट्रोल सोडतो. एकाने जरी खोटं सांगितलं तरी इंजिन उपाशी!

"म्हणजे कुणीतरी कान भरतंय," छुनमू म्हणाला. हा आजार त्याला लगेच समजला.

या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. त्याने सीट उचलली, हवेच्या नळीतला सेन्सर काढला. केसाएवढी बारीक तार, धुळीने माखलेली. तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशा हळुवारपणे त्याने ती स्प्रे मारून लख्ख केली. इथे थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण ताहूत यंत्र म्हटलं की हिरवं पाकीट आलंच. नारळाच्या चवीचा फुगीर खाऊ. त्याच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखा वाग'. बँकेतल्या यंत्रावर असतं, दवाखान्यातल्या यंत्रावर असतं. खायचं नाही, मुदत संपू द्यायची नाही आणि रंग हिरवाच. पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं. गाडीत लोक ते समोर काचेशी ठेवतात. पण तिथे ते तेंगला दिसलं असतं! मग तो म्हणाला असता, दादाला इंजिनातलं कळत नाही म्हणून पाकिटावर भिस्त. म्हणून छुनमूने ते एअर फिल्टरच्या डब्यात ठेवलं. डब्यात जागाही ऐसपैस होती, इंजिनही जवळ होतं.

मंगळवारी ट्रकने चढ दिसायच्या आधीच मान टाकली.

"एका पाकिटाने ऐकत नाहीये," छुनमूने निदान केलं. त्याने अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर बदलला आणि दुसरं पाकीट ठेवलं.

बुधवारी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्याने पेपरक्लिपने मेंदूच्या दोन पिना जोडल्या आणि बिघाड कुठे ते कळावं म्हणून समोरचा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजत बसला. एवढ्यात तेंग स्कूटरवरून चालला होता, तो थांबला.

"काय छुनमूदादा, पिकअप घेत नाही का? हवेचा मार्ग बघितलास?"

दिवा लुकलुकला. छुनमूला वाटलं, ट्रकने तेंगला डोळा मारला. आपलाच ट्रक, आपल्याच दारात!

"बघितलाय!" तो ओरडला, आणि आता मेलो तरी हवेच्या मार्गाकडे बघायचं नाही असं त्याने ठरवलं. तिसरं पाकीट त्याने तोंड फिरवून ठेवलं. गुरुवारी धुराचा सेन्सर नवा बसवला, चौथं पाकीट चाचपडत कोंबलं.

"घरातली पाकिटं जातात कुठे?" युएमेईने विचारलं.

"तुझ्या तेंगने खाल्ली असतील."

शनिवारी युएमेई निळा ड्रेस घालून, कानात मोती घालून ट्रकमध्ये बसली. छुनमूने ट्रक सोडला. मागून तेंग आपल्या चकचकीत गाडीतून, न ओव्हरटेक करता, अत्यंत सभ्यपणे येत होता. माणसाने किती सभ्य असावं!

चढाच्या पहिल्याच वळणावर ट्रक घुसमटला, दोन गचके देऊन बंद पडला आणि मागे सरकत तेंगच्या बंपरला हळूच टेकला. पाळीव कुत्र्यासारखा.

तेंगने येऊन सीट उचलली. आधी हवेची नळी सोडवली.

"अरे वा! सेन्सर कुणी साफ केला? एवढं नाजूक काम मला नाही जमत!"

"मी!" छुनमूची छाती शर्टाबाहेर आली. "ऐकलंस युएमेई? याला जमत नाही!"

मग तेंगने फिल्टरचा डबा उघडला. "आणि हे पाकीट कुणाचं?"

"माहीत नाही."

"हे दुसरं?"

"खारींचं काम. फार झाल्यात हल्ली."

"मुदत बघून ठेवणाऱ्या खारी?" तेंगने तिसरं काढलं, चौथं काढलं. "पाय दाबला की इंजिन जोरात हवा ओढतं आणि ही सगळी जाऊन नळीच्या तोंडाला चिकटतात. दादा, सेन्सर पुसलास तेव्हाच ट्रक बरा झाला होता. पाकिटं ठेवून तू त्याचं नाक दाबून धरलंयस!" आणि त्याने पाचवं काढलं.

छुनमू चमकला. त्याने तर चारच ठेवली होती!

"ते माझं," युएमेई म्हणाली.

"तुझं? का?"

"वर्गासमोर मला तुझ्याच ट्रकमधून उतरायचं होतं, खुळ्या! आधीची चार होती तिथे. मला वाटलं, हीच जागा असते."

छुनमूला रडू येईल इतका आनंद झाला. तो जेमतेम गिअर बदलण्याएवढा वेळ टिकला, कारण तेंग स्टिअरिंगवर बसला होता.

"वजनाशिवाय चढावरची चाचणी होत नाही," तेंग म्हणाला. "मागे भार पाहिजे."

"तू ऐंशी किलो आहेस," युएमेईने नवऱ्याला सांगितलं. "माझा ड्रेस मळेल."

ट्रक चढला. नववीचा अख्खा वर्ग हॉटेलच्या दारात उभा राहून बघत होता. तेंगने सूप येण्याआधीच त्यांना सगळं सांगितलं, सेन्सरचं आणि पाकिटांचंही. टाळ्या दोन्हीला पडल्या. पाकिटांना जास्त.

सोमवारी छुनमूने नगर कार्यालयात अर्ज दिला:

'महोदय, माझ्या ट्रकचा सेन्सर साफ करणारा इसम व फिल्टरच्या डब्यात पहिली चार पाकिटं ठेवणारा इसम हे दोन वेगवेगळे इसम असल्याचा दाखला शिक्क्यासह मिळावा. पहिल्या इसमाच्या जागी माझं नाव लिहावं. दुसऱ्याचा शोध सुरू असल्याचं नमूद करावं. दाखल्याची एक प्रत माझ्या पत्नीच्या नववीच्या वर्गास उभं करून वाचून दाखवावी, आणि वाचन संपेपर्यंत नाक्यावरच्या गॅरेजवाल्यास माझ्या पत्नीस वहिनी म्हणण्याचा आदेश व्हावा, ही नम्र विनंती.'