प्रवेशपत्रधारकांस आपत्ती लागू नाही

आपत्ती ज्वाळांनी सुरू होत असेल. ती मान्य होते व्याख्येने. ज्वाळा कोणालाही गाठतात, व्याख्या मात्र पात्र व्यक्तीचीच निवड करते. हे तत्त्व ज्यांना उमगलेले नाही, त्यांची घरे जळतात आणि तरीही ते आपद्ग्रस्त होत नाहीत.

कॅलिफोर्नियातील आमच्या सांता ब्रिहिदा परगण्यात शरद ऋतूत डोंगर पेटतात. यंदाचा वणवा नेमका द्राक्षांत साखर पूर्ण भरली त्या आठवड्यात आला. सर्व मनुष्यमात्रांनी खोरे तत्काळ सोडावे, अशी आज्ञा निघाली. लोकांनी ती शिरोधार्य मानली. कुत्री, दागिने आणि लग्नाच्या तसबिरी घेऊन ते बाहेर पडले. आज्ञाभंग केला तो केवळ द्राक्षांनी. (पाहणीत शंभरातील शंभर वेली स्थलांतरास असमर्थ आढळल्या.)

परगण्याचे कृषी कार्यालय मूलतः करुणामय आहे. त्याने नारिंगी रंगाचे प्रवेशपत्र छापले. जेथे जीवितास धोका आहे तेथे जाण्याचा अधिकार पुढील अत्यावश्यक व्यक्तींस मिळाला: अग्निशामक दलाचे जवान, विजेच्या तारा जोडणारे, एका बंगल्यातील लामा नावाच्या लोकरी प्राण्यांना चारा घालणारे एक सद्गृहस्थ, आणि द्राक्षे तोडणारे मजूर. पहिल्या दोघांस शिरस्त्राण मिळाले. लामांचे सद्गृहस्थ मोटारीच्या काचा लावून बसत. मजुरांस कागदी मास्क देण्यात आला. कात्री ज्याची त्याने आणायची होती.

मेक्सिकोतील ओआहाकाच्या डोंगरांतून आलेला नाबोर या खोऱ्यात कित्येक हंगाम द्राक्षे तोडत आहे. या देशात राहण्याचा कोणताही कागद त्याच्यापाशी नाही. हे प्रवेशपत्र म्हणजे येथील सरकारने त्याच्या नावे काढलेला पहिलाच दस्तऐवज. त्याने तो बायकोला, ओब्दुलियाला, दोन्ही हातांनी धरून दाखवला. तिचे दिवस भरत आले होते.

"बघ, फोटोपण लावलाय."

"छान आलाय. फक्त हार घालायचा राहिलाय."

नाबोर आत गेला. ओब्दुलिया आज्ञेप्रमाणे खोऱ्याबाहेरच्या गावातल्या चर्चच्या आवारात आपल्या जुन्या व्हॅनमध्ये जाऊन राहिली. आणि एके दुपारी, नाबोर पूर्वेच्या उतारावर घड तोडत असताना, समोरच्या टेकडीआडून काळा धूर निघाला. द्राक्षमळ्याचा धूर करडा असतो, प्लास्टिकचा काळा. टेकडीआडचे त्याचे प्लास्टिकच्या भिंतींचे, चाकांवरचे घर गेले हे त्याला रंगावरूनच कळले. त्याने हातातली ओळ पुरी केली.

येथे राज्याच्या थोरवीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. केंद्र सरकारचे साहाय्य कागदपत्रे असलेल्यांस मिळते. ज्यांच्यापाशी ती नाहीत, त्यांच्यासाठी राज्याने स्वतंत्र योजना काढली. जन्म कोठला, सीमा कशी ओलांडली, काहीही विचारायचे नाही. घर जळलेल्या कुटुंबास येथला हिवाळ्यातला पाऊस संपेपर्यंत मोटेलात खोली द्यायची. विचारायचे एवढेच, की आपण स्थलांतरित झालात काय? (कुटुंब हे अविभाज्य एकक मानावे. त्यातील एक जरी व्यक्ती धोक्याच्या क्षेत्रात राजरोस ये-जा करीत असेल, तर कुटुंब स्थलांतरित नव्हे.)

मदतकेंद्रातील मिस हॅलोरन या अत्यंत सहृदय अधिकारी. अर्जदारासाठी ठेवलेले कागदी रुमाल त्या स्वतःच वापरतात.

"तुमचं घर गेलं, मला फार वाईट वाटतं, नाबोर. पण तुम्ही स्थलांतरित नाही आहात. तुम्हाला तर रोज आत सोडतात."

"आत सोडलं म्हणून तर घर जळताना बघितलं मी, मिस."

"तेच म्हणतेय मी. स्थलांतरित माणसाला ते दिसलंच नसतं."

"मग याला आंधळा करून आणू का?" ओब्दुलिया म्हणाली. "खोकून खोकून निम्मा तर झालाच आहे. तुमची द्राक्षं बघा, धूर लागला म्हणून तपासायला पाठवली. याला कोण तपासणार? मीच कान लावून बसते छातीला."

तिचे म्हणणे तथ्याला धरून होते. धूर लागलेल्या द्राक्षांची प्रयोगशाळेत परीक्षा होते आणि दोष आढळल्यास भरपाई मिळते. (मजूर त्याच ओळीत त्याच हवेत उभे असल्याने त्यांची वेगळी परीक्षा म्हणजे द्विरुक्ती ठरली असती.) त्या वेलींचे मूळ कलम मालकाच्या आजोबांनी मोज्यात लपवून सीमेपलीकडून आणले होते, असे मालक अभिमानाने सांगतात. वेलींस आता स्थानिक मानण्यात येते.

मिस हॅलोरन यांनी डोळे पुसले, नियम पुन्हा वाचले आणि मार्ग शोधला. नाबोरने नाक्यावर प्रवेशपत्र परत करावे. शेरिफच्या शिपायाने त्यास क्षेत्र सोडण्याची विधिवत आज्ञा द्यावी. त्याने ती पाळावी. त्याच संध्याकाळी खोलीची किल्ली.

वार्ता मुकादम सिरिलोंपर्यंत पोहोचली. ते नाक्यावरच येऊन थांबले.

"पास दिलास तर ओळ दुसऱ्याची, पोरा. आणि थंडीतल्या छाटणीलाही हाक मारणार नाही. मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत, मुकादम."

"सगळ्यात गोड ओळ दिली होती तुला."

"गोड आहे हो. जरा राखेची चव लागते."

"ते मालक बघतील."

नाबोर कार्ड हातात धरून उभाच राहिला. नाक्याबाहेर आणून लावलेल्या व्हॅनच्या दारातून ओब्दुलियाने हाक दिली, "अरे, काय ठरतंय का? का पोर इथंच जन्माला घालून त्याचं नाव टोयोटा ठेवू?"

नाबोरने कार्ड दिले. शिपायाने टोपी नीट केली आणि वाचले, "या क्षेत्रात जीवितास धोका आहे. ताबडतोब निघा."

"काल नव्हता का?"

"काल तुम्ही कामावर होता ना," शिपाई म्हणाला. तरुण होता; खोटे बोलण्याची सवय लागायची होती.

नाबोर नाक्यावर बांधलेल्या दोरीच्या अलीकडून पलीकडे गेला. मिस हॅलोरन यांनी टाळ्या वाजवल्या. शासनाच्या इतिहासात इतके अल्प अंतराचे आणि इतके यशस्वी स्थलांतर दुसरे नसावे.

त्या संध्याकाळी ओब्दुलिया गरम पाण्याने न्हाली आणि पाय लांब करून झोपली. नाबोरला झोप आली नाही; उद्या कामाला कोठे जायचे हे ठाऊक नसलेल्या माणसाला मऊ गादी टोचते. खिडकीतून पूर्वेचा उतार दिसत होता. मुकादमाला दुसरा माणूस अद्याप मिळालेला नाही. घड तसेच लोंबत आहेत, साखर शिगेला पोहोचली आहे, आणि आणखी एकदोन दिवसांत त्यांचे मनुके होतील.

वाचकहो, एका निराधार कुटुंबास छप्पर मिळाले याचे आपणास समाधान वाटले असेलच. त्या समाधानामागून आपल्या मनात हळूच जो प्रश्न आला, की मग ती द्राक्षे आता तोडणार कोण, त्याबद्दल मुळीच संकोच बाळगू नये. कृषी कार्यालयातही सर्वप्रथम हाच प्रश्न विचारला गेला होता. आणि तेथील मंडळीही आपल्याइतकीच कनवाळू आहेत.