तात्यांचं पांढरं फडकं

सावर्ड्यात हायवेला लागून आमचं घर, शेजारी तात्यांचं. घरात ते एकटेच. रोज सकाळी फाटकाजवळच्या फणसाचं एक पान ते पांढऱ्या फडक्यानं पुसायचे आणि कुंपणावरून मला दाखवायचे. "बघ गो सूनबाय, काल आपण हे खाल्लं." फडक्यावर काळा पट्टा. मग मला सकाळची पेज जात नसे.

धुरासाठी नाकाला पंचा कायम बांधलेला. पुतणीच्या लग्नाच्या फोटोतही तो आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना शिव्या द्यायचे, एक सोडून. त्यांचा मुलगा बाळा मुंबई-रत्नागिरी बस चालवायचा. दिवसाआड दुपारी घरासमोरून जाताना दोनदा हॉर्न वाजवायचा. थांबायला वेळ नसे. तात्या पंचा खाली ओढून हात हलवायचे आणि बस दिसेनाशी झाली की म्हणायचे, "सगळ्यात जास्त धूर ह्याच मेल्याचा."

मग करोना आला आणि रस्ता बंद झाला. आठ दिवसांनी पान पुसलं तर फडकं पांढरंच. लांबचे डोंगर परसात आल्यासारखे दिसू लागले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी आमसुलं पुढच्या अंगणात वाळत घातली. सगळं गाव तोंड बांधून फिरू लागलं आणि तात्यांनी पंचा सोडला. पोलीस पाटील म्हणाले, "तात्या, तोंड बांधा." "वीस वर्षं बांधलं तेव्हा हसलात. आता कुठे हवा साफ झाली, तर बांधू?" शेवटी बांधलं, पण रुसून.

बाळा मुंबईत खोलीवर अडकला होता. तात्या त्याला फोनवर हवेचंच सांगायचे. "इकडे लय झकास हवा हाय. तू ये." जरा थांबून, "नको, तू तिथंच ऱ्हा."

दुपारी पायरीवर बसून ते रिकाम्या रस्त्याकडे बघत. पान पुसायचे, पण फडकं दाखवणं बंद झालं. एकदा मीच विचारलं. म्हणाले, "काय दाखवू? कोरं हाय."

पाऊस सरला, बस सुरू झाल्या. एका दुपारी दोनदा हॉर्न वाजला. तात्या फाटकापर्यंत धावले. पंचा पायरीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. "बघ गो सूनबाय." फडकं काळं होतं. "ह्यात थोडा आमच्या बाळाचा हाय."

त्यांचे कपडे मीच धुते, म्हणून मी हात पुढे केला. तात्यांनी फडक्याची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"आज ऱ्हाऊ दे," म्हणाले.