वाघमारे मॅडमची पिल्लं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाघमारे मॅडमनी पहिल्याच भेटीत माझ्या बायकोच्या हातात चहाचा कप दिला आणि शांतपणे सांगितलं, "अर्ध्या तासापूर्वी हिनं नवऱ्याला खाल्लं. डोक्यापासून."

बायको कप घेऊन दोन पावलं मागं सरली. मॅडमनी टेबलावरच्या जाळीच्या डब्याकडे बोट केलं. आत बोटाएवढा एक हिरवागार किडा, मँटिस, हात जोडून बसला होता. जोडलेल्या हातांना करवतीसारखे काटे. डब्याच्या तळाशी नवऱ्याचे पंख तेवढे उरले होते.

"घाबरायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बघायचं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सापाला, सासूला, साहेबाला, सगळ्यांना तेच लागू.

मॅडम निघोज्याच्या एका गिअरच्या कंपनीत क्वालिटी तपासायला. वीस वर्षं गिअर मोजून मोजून अशी सवय जडलेली, की मँटिसनं कात टाकली तरी ती व्हर्नियर मोजपट्टीत धरून वहीत माप लिहायच्या. दिघीत आमच्या सोसायटीत लोक गॅलरीत तुळस लावतात. यांच्या गॅलरीत मँटिसचे अकरा डबे. त्यांच्या खुराकासाठी झुरळं पाळलेली. पाळलेली! आम्ही झुरळांवर औषध मारायचो आणि या त्यांना गाजराचे काप घालायच्या. एकदा लिफ्टमध्ये मी दबकत म्हणालो, "मॅडम, तुमच्या खांद्यावर..." तर म्हणाल्या, "माहितीये. तिला ऊन दाखवायला गच्चीवर नेतेय."

मग एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून माझ्या आईची किंकाळी आली.

"आरं धाव! डाळ चालाय लागली!"

मी धावलो. ताटातल्या डाळीवर मुंगीएवढे जीव लटपटत चालले होते. मुंग्या नव्हत्या. एवढ्याएवढ्याशा जीवांनी हात जोडलेले होते.

मॅडमच्या डब्यातली अंडी फुटली होती आणि जाळीच्या भोकांतून पिल्लं बाहेर पडून गॅलरीतून खाली उतरली होती. चार मजल्यांवर एकच आरडाओरडा. आमचे चेअरमन जाधवकाका बनियनवरच जिन्यात आले. त्यांनी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन केला आणि तो तासाभरात पंप पाठीवर घेऊन हजर झाला.

"मॅडम, आज सगळं साफ करायचं," काका म्हणाले. "लई दिवस ऐकून घेतलं."

मॅडम पंपाच्या नळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कापताना मी पहिल्यांदा ऐकला.

"भाऊ, एक तास द्या. फक्त एक तास."

पेस्ट कंट्रोलवाल्यानं पंप खाली ठेवला आणि पायरीवर बसला. "आपल्याला काय घाई न्हाई, ताई."

एका हातात चित्र रंगवायचा ब्रश, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बरणी घेऊन मॅडम दारोदार फिरल्या. झाकण धरायला मी होतो. सोफ्याखालून, पडद्यावरून, देवघरातून एकेक पिल्लू ब्रशच्या टोकावर चढवून घेतलं. शेवटी माझी आई, जी मघापासून खुर्चीवर पाय घेऊन बसली होती, ती खाली उतरली आणि पदराचं टोक पुढं करून म्हणाली, "ह्ये घ्या. ह्यो एक माझ्याकडं ऱ्हायला."

सोसायटीमागच्या झुडपांत मॅडमनी बरणी रिकामी केली. जाधवकाका एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी जाळी बारीक लावा."

मंगळवारी दुपारी आईला पडद्यामागं आणखी एक पिल्लू सापडलं. माझी सेकंड शिफ्ट तीनला लागायची होती, वेळ होता. मॅडम कामावर असणार, दाराशी ठेवून येऊ म्हणून मी वाटीत घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं.

मॅडम जमिनीवर बसल्या होत्या. तळहातावर एक म्हातारी मँटिस, तपकिरी पडलेली. पायांची टोकं झडल्यामुळं तिला काही धरता येत नव्हतं. मॅडम काडीच्या टोकानं तिला मधाचं पाणी पाजत होत्या.

"तुम्ही रजेवर?" मी चकितच झालो. तापातही ही बाई कामावर जायची.

"घरी पेशंट आहे म्हणून सांगितलं." मग म्हणाल्या, "दोन-तीन दिवस काढेल. यांचं आयुष्यच वर्षाच्या आतलं."

"मग इतक्या लवकर जाणारं कशाला पाळायचं, मॅडम?"

त्यांनी काडी पुन्हा मधात बुडवली.

"मी कुलूप काढून आत आले ना, की ही मान वळवून बघायची. रोज. या घरात दुसरं कोण बघतं माझ्याकडे?"

मी पिल्लाची वाटी बाजूला ठेवून खाली बसलो आणि मधाची बशी त्यांच्या हाताजवळ सरकवली.