चंद्राला बांधलेली गाय

आमच्या देवासात पोह्यांवर शेव नको म्हणणारा माणूस एकच, भावेकाका. शेव त्यांना हवी असते, पण वेगळ्या वाटीत. वर भुरभुरायचा जिरावण मसाला तिसऱ्या वाटीत. पोहेवाला कुरकुरला की काका त्यालाच समजावतात, "भिया, मिलाओ मत. जिसका उसके डब्बे में."

काका साताऱ्याहून इथल्या कारखान्यात आले आणि जन्मभर ड्रॉइंग खात्यात नकाशे काढत बसले. घरात स्क्रूंचे छोटे डबे मोठ्या डब्यात. काकूंच्या टिकल्यासुद्धा रंगवार लावलेल्या. एक दिवस हे मलाही डब्यात ठेवतील, असं काकू म्हणायच्या.

काकूंचं चैत्रांगण सगळ्या कॉलनीला ठाऊक. चैत्र लागला की दारापुढे सूर्य, चंद्र, गाय, शंख, गौरीचा झोपाळा, सगळं सरसर चिमटीतून उतरायचं. मग पक्षाघातात त्यांचा उजवा हात गेला, बोलणंही जड झालं. दाराकडे बघून त्या रडायच्या आणि काकांना ते बघवेना. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून ते माझ्याकडे आले. येत्या चैत्राच्या आत, कॉम्प्युटरला जोडलेलं जे मशीन पेनने कागदावर चित्र काढतं, त्याच्याकडून चैत्रांगण काढून घ्यायचं आणि काकूंना दाखवायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

मी सांगितलं, एका चित्राचे ठिपके एका लिस्टमध्ये ठेवा आणि अशा सगळ्या लिस्ट एका मोठ्या लिस्टमध्ये. आतली एक लिस्ट संपली की मशीन पेन उचलतं आणि पुढचं चित्र वेगळं सुरू करतं. काका एकदम खूश. "म्हणजे डब्यात डबा. हे तर माझंच काम." काकू पडल्या पडल्या डाव्या बोटाने ग्राफ पेपरवर ठिपके दाखवायच्या आणि काका आकडे टाइप करायचे.

आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांनी सरमिसळ केली. घाईघाईत सगळे ठिपके एकाच लिस्टमध्ये ओतले. मशीनने पेन उचललंच नाही. चंद्र संपला आणि तिथून तिरकी रेघ निघाली ती थेट गायीच्या शेपटीला जाऊन भिडली. काका शरमेने लाल. काकू मात्र अर्ध्या तोंडाने, अंग हलेपर्यंत हसल्या.

"गाय... चंद्राला बांधलीत की हो."

काकांनी चूक सुधारली, पण सुधारलेलं बघायला काकू राहिल्या नाहीत. त्या चैत्रात दार कोरंच राहिलं. काका पोहे खायलाही येईनात. त्यांच्या घरावरून जाताना मला फार वाईट वाटायचं.

यंदा चैत्रात सकाळी ते दारात ओणवे दिसले. शेजारी सुधारलेल्या चित्राचा कागद, चिमटीत रांगोळी. एकेक चित्र मापात आणि सुटं सुटं काढलेलं. सगळं झाल्यावर ते गुडघे धरत उठले, चंद्रापाशी गेले आणि तिथून गायीच्या शेपटीपर्यंत एक रेघ ओढली.

"काका, ती चूक तर आपण काढून टाकली होती," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं नाही.

"राहू दे, भिया. ती शेवटचं हसली ते हिच्यावर."